पुसलेली आखणी

१

रविवारी सकाळी वाचनालयाचे कार्यवाह मितेश शेडगे यांनी गणपतीच्या तोंडावरचं फडकं उचललं, नमस्काराला हात जोडले, आणि ते हात तसेच राहिले. गणपतीला डोळे नव्हते.

आदल्या दिवशी होते. शनिवारी संध्याकाळी उद्घाटनाला आलेल्या निम्म्या रोह्याने त्या डोळ्यांपुढे उभं राहून फोटो काढून घेतले होते. आता हातभर उंचीची ती शाडूची मूर्ती सोंड, मुकुट, पितांबर सगळं जागच्या जागी घेऊन बसली होती, आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे बदाम उरले होते.

प्रदर्शनाचं नाव ‘लेखणी खाली ठेवल्यावर’. गोष्टी-कादंबऱ्या लिहिणारी माणसं लिहीत नसतात तेव्हा करतात तरी काय, हे लोकांना दाखवावं अशी मितेशची हौस. त्यांच्या हाकेला ओ देऊन लेखकांनी आपापले छंद आणून मांडले होते. कोणी पाखरांचे फोटो आणले, कोणी जुनी कुलपं, कोणी मासे धरायचे गळ. पण सगळ्यांत मानाची जागा सुशील कडूंच्या गणपतीला होती. पेणचे कडू कादंबऱ्या लिहितात आणि फावल्या वेळात गणपतीचे डोळे रंगवतात, हे वाचकांना पाठ होतं, कारण त्यांच्या प्रत्येक मुलाखतीत ते येई. मूर्तीशेजारी कार्ड होतं : ‘डोळे – सुशील कडू. केवळ छंद म्हणून.’ बाजूला ब्रश, रंगाच्या डब्या आणि टर्पेंटाइनची बाटली मांडलेली.

"हे मुद्दाम केलंय कोणीतरी," मितेश म्हणाले. "बाई, आता तुम्हीच बघा. हा तुमचा प्रांत."

बाई म्हणजे विमलबाई मोकल. शाळेतून निवृत्त झालेल्या आणि रहस्यकथा लिहिणाऱ्या. दिवाळी अंकात त्यांचा खुनी शेवटचं पान उलटेपर्यंत सापडत नसे. छंद म्हणून त्यांनी स्वतः शिवलेल्या गोधड्या मांडल्या होत्या, पण चारचौघांत चटकदार वाक्य टाकायचं हा बाईंचा खरा छंद, हे त्यांना ओळखणारं कोणीही सांगेल.

कागदावर इतकी रहस्यं रचली, पण खरंखुरं रहस्य दारात आलं ते आज पहिल्यांदा. बाईंनी चष्मा पुसला, खिडक्यांच्या कड्या तपासल्या आणि त्यांच्या गोष्टीतला गुप्तहेर विचारतो तसं रुबाबात विचारलं, "रात्री चावी कोणाकडे असते?"

"अनिताकडे. एकच चावी आहे."

"मग यात कोडं कसलं? रात्री कुलूप, सकाळी कुलूप, चावी एक. उत्तरही एकच." बाईंना वाक्य आवडलं, म्हणून त्यांनी त्याला शेपूट जोडलं. "ओलं फडकं घेऊन धूळ पुसायला गेली असेल आणि देवच पुसून आली!"

लोक हसले. अनिता दाराशी झाडू घेऊन उभी होती. वाचनालय उघडायचं, झाडायचं, बंद करायचं, हे तिचं काम. मितेशनी तिथल्या तिथे तिच्याकडून चावी मागून घेतली आणि सांगितलं, "उद्या संध्याकाळी समितीची बैठक आहे. काय ते तिथे ठरेल. तोवर येऊ नकोस."

अनिताने झाडू कोपऱ्यात उभा केला आणि ती गेली.

तेवढ्यात पेणहून कडू येऊन पोचले. मितेशनी त्यांना अनिताचं सगळं सांगितलं. मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिले. ते चिडतील, ओरडतील अशी सगळ्यांची अपेक्षा. ते हलकेच एवढंच म्हणाले, "जाऊ द्या. मी घरी नेतो. डोळे पुन्हा रंगवून टाकतो."

"घरी कशाला?" मितेश म्हणाले. "इथेच रंगवा. लोकांसमोर. बघायला गाव लोटेल."

"हात आखडलाय सध्या," कडू म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला.

बाई आता मूर्तीवर ओणवल्या, आणि त्यांचं हसू मावळलं. मूर्तीच्या अंगाला पाण्यातला रंग होता. ओलं फडकं फिरलं असतं तर गालावर ओघळ आले असते. इथे पापणीच्या कडेचा गुलाबी रंग जरासुद्धा विस्कटला नव्हता. ज्याने कोणी हे केलं त्याने बोळा अगदी जपून फिरवला होता. आणि मूर्तीच्या पायाशी दुर्वांची जुडी होती. पुसणाऱ्याने देवाची माफी मागितली होती.

धूळ पुसायला आलेलं माणूस असं करत नाही. बाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. कोपऱ्यात नुसता झाडू होता.

२

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बाई वर्गातल्या मुलांना आयुष्यभर सुनावत आल्या होत्या. दुपारी अनिताच्या घराची वाट चालताना ते वाक्य त्यांच्याच कानात वाजत होतं.

घराच्या ओट्यावर अनिताची सासू इंदुबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने बाईंना बसा म्हटलं नाही.

"पानी आन गो," तिने आत हाक दिली, आणि मग बाईंकडे न बघता म्हणाली, "नळावर बायका इचारतात, तुजी सून देवाचे डोले पुसते म्हनं. काय सांगू त्यास्नी? नोकरी जाईल ती जाईल. ह्ये नाव कुठं धुवायचं?"

अनिता पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

"अनिता, शनिवारी कुलूप लावताना तू मूर्ती बघितली होतीस का?"

"आता इचारताय व्हय?"

बाईंनी मान खाली घातली. सकाळी सगळ्या जगाला त्यांनी प्रश्न विचारले होते. जिच्या गळ्यात आरोप घातला तिला एकही विचारला नव्हता. गोष्टीतल्या त्यांच्या गुप्तहेराने असं केलं असतं तर त्यांनी स्वतःच ते पान फाडलं असतं.

"चुकले मी," बाई म्हणाल्या. "पण आता सांग."

"बघितली म्हंजे काय, तोंड झाकलेलं व्हतं देवाचं. सफेद फडकं टाकलेलं. माझं माहेर पेणजवळच्या गडबचं, बाई. पेणवरनं गणपती आणतात तो तोंड झाकूनच. बसवीपर्यंत उघडत नाय. मला वाटलं, कडूसाहेबांनी झाकलाय. नमस्कार केला नि कुलूप लावलं."

"फडकं तू नाही टाकलंस?"

"मी देवाला हात कशाला लावू?"

बाईंनी कडूंना फोन लावला. "शनिवारी जाताना मूर्तीवर फडकं तुम्ही घातलंत का?"

"नाही," कडू म्हणाले. "मला वाटलं, अनिताने घातलं असेल." आणि त्यांनी फोन ठेवला.

पेण-रोह्याच्या माणसाला झाकलेला गणपती दिसला तर तो फडकं उचलून बघणार नाही, हात जोडून पुढे जाईल. कोणीतरी नेमकं हेच ओळखलं होतं. फडकं कुलूप लागायच्या आधी पडलं होतं. मग त्याखालचे डोळे कुलूप लागायच्या आधी गेले की नंतर?

"आधी गेले असं सिद्ध झालं तर तू सुटलीस," बाई म्हणाल्या.

"आणि नाय झालं तर?" अनिताने विचारलं.

३

घरी येऊन बाई शनिवारची संध्याकाळ आठवू लागल्या.

उद्घाटन झालं, भाषणं झाली. कडू छान बोलले. "शब्द थकले की मी डोळे रंगवायला बसतो," असं म्हणाले, टाळ्या पडल्या. मग सगळे मागच्या अंगणात गेले, कारण तिथे हर्षदने पोपटी लावली होती. हर्षद धाटावला रसायनांच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि कथा लिहितो. त्याचा छंद पोपटी लावण्याचा : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. कडूंनी भाषणात त्याला टोमणा मारला होता : "पोपटी हा छंद नव्हे हो, ती भूक!" हर्षदचा चेहरा तेव्हा उतरला होता.

अंगणात मितेश आणि समितीचे लोक धाटावच्या रस्त्याकडे पाठ करून बसले होते. धुराने त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. बाई जाळाच्या अलीकडे, वाचनालयाच्या भिंतीशी बसल्या होत्या. तिथे मुळीच धूर नव्हता. शेजारी कडूंची बायको रोहिणी बसली होती. ती काही खात नव्हती. "आज संकष्टी," म्हणाली.

मितेशनी डोळे पुसत विचारलं, "वहिनी, साहेबांचा छंद पाहिला, तुमचा कुठला?"

आणि रोहिणी तोंड उघडायच्या आत बाई बोलून गेल्या होत्या, "त्यांना काय विचारता? साहेबांचे ब्रश धुवायचे, हाच त्यांचा छंद!"

जोरात हशा पिकला. कडूही हसले. रोहिणी जरा हसली, मग "पाणी पिऊन येते" म्हणून आत गेली. शेंगा खाऊन झाल्यावर बाई पर्स आणायला प्रदर्शनाच्या दालनात गेल्या तेव्हा नाकाला झोंबणारा औषधी वास आला होता. बाई दारातूनच ओरडल्या होत्या, "खिडक्या लाव गं अनिता, धाटाव आज भलतंच जोरात आहे!" आणि पर्स घेऊन बाहेर पडल्या होत्या.

रोहेकराच्या नाकाला धाटावच्या कारखान्यांच्या वासाचं काही वाटत नाही. वारा तिकडून फिरला की खिडकी लावायची आणि कामाला लागायचं.

बाईंनी मनात एकच नाव धरलं. हर्षदला कडूंचा राग होता. आणि हर्षद रसायनांत काम करतो.

४

सोमवारी सकाळी धाटावला पहिली पाळी आत गेली आणि रातपाळी बाहेर आली. हर्षद गेटबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. शाळेत तो बाईंचा विद्यार्थी, त्यामुळे हातातला ग्लास ठेवून उभा राहिला.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलाय ना?" तो म्हणाला. "मला राग आला व्हता, नाय कशाला म्हणू. पण पोपटी लावली की मडकं सोडून जाता येत नाय. जाळ कमी झाला तर शेंगा कच्च्या, जास्त झाला तर कोळसा. शेंगा कच्च्या निघाल्या का?"

"नाही रे. झकास होत्या."

"मग?" तो हसला. बाईंनाही हसू आलं. मग सहज बोलावं तसं त्या म्हणाल्या, "पण तुमच्या धाटावचा वास मात्र शनिवारी फार होता रे. दालनात उभं राहवेना."

हर्षदने भुवया आक्रसल्या. "शनिवारी? बाई, शनिवारी वारा उलटा व्हता. माझा सगळा धूर धाटावकडे चालला व्हता. मितेशसाहेबांचं रडून रडून पार भजं झालं, तुम्ही बघितलं नाय? आमचा वास रोह्यात यायचाच नाय त्या वाऱ्याला."

बाई टपरीच्या बाकावर मटकन बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो वास त्यांच्या स्वतःच्या नाकात शिरला होता. त्यांनीच त्याला भलतं नाव देऊन बाहेर घालवला होता.

वास टर्पेंटाइनचा होता. तेलरंग त्यानेच उतरतो. म्हणजे डोळे पुसले गेले ते शनिवारी, दार सताड उघडं असताना, सगळे अंगणात शेंगा खात असताना. चावीचा काही संबंधच नव्हता. अनिता सुटली.

पण मूर्तीच्या अंगाला पाण्यातला रंग आणि डोळ्यांना मात्र तेलातला, हे ज्याला ठाऊक होतं तोच टर्पेंटाइनला हात घालणार. दुसऱ्या कोणी पाणीच घेतलं असतं आणि मूर्तीचं वाटोळं केलं असतं. हे माहीत असलेली तिथे दोनच माणसं होती. त्यांतले कडू पूर्णवेळ अंगणात हसत बसले होते.

उरलेल्या माणसाची संकष्टी होती. म्हणजे तिच्याजवळ दुर्वा होत्या.

"बाई, बरं नाय का वाटत?" हर्षदने विचारलं.

"पेणची गाडी कितीला आहे रे?"

५

नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि सगळी वाट बाई मनाशी म्हणत होत्या, माझा अंदाज चुकलेला असू दे.

पेणला कडूंच्या घराला लागूनच मूर्तींचा कारखाना होता. तो रोहिणीच्या माहेरचा. कडू मूळचे बँकेतले, लग्नानंतर इथे येऊन राहिलेले. आत माघी गणपतींच्या ओळी लागल्या होत्या, बहुतेक बिनडोळ्यांचे. रोहिणी एका मूर्तीसमोर बसली होती. मूर्ती स्टुलावर चढवून तिने आपल्या नजरेच्या रेषेत आणली होती आणि खिडकीच्या उजेडाकडे फिरवून घेतली होती. हातात चार केसांचा ब्रश.

बाईंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. रोहिणीने श्वास रोखला होता. ब्रश डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघाला, पापणीखालून वळला आणि न थांबता बाहेर गेला. मूर्ती एकदम बाईंकडे बघायला लागली. मग कुठे रोहिणीने श्वास सोडला.

"या बाई. आखणी चालू असली की मी बोलत नाय. रेघ हलते."

आखणी. डोळे काढणाऱ्यांचा शब्द. कडूंच्या एकाही मुलाखतीत तो आला नव्हता. त्यांच्या तोंडी कायम ‘डोळे रंगवणं’.

बाई उभ्याच राहिल्या. "सुशीलरावांनी कधी ब्रश धरलाय?"

"धरलाय की. फोटोत."

"मग शनिवारी..."

"व्हय. मी पुसली आखणी." रोहिणीने ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळला. वास आला, तोच. "माझी व्हती. मी काढली, मीच पुसली. मुलाखतीत पहिल्यांदा त्यांचा छंद म्हणून वाचलं तेव्हा मी हसले. म्हटलं, लेखक आहेत, काहीतरी रचतातच. मग लोक घरी यायला लागले त्यांचे डोळे बघायला. मी चहा करायची. तेही चाललं. शनिवारी ते कार्ड वाचलं. आणि मग तुम्ही बोललात."

ब्रश धुवायचे, हाच त्यांचा छंद.

"रोहिणीताई, मला माहीत नव्हतं..."

"तुमचा राग नाय आला. तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक व्हतं, बाई. आणि ते हसले."

खिडकीतून रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज येत होता. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. एकाच जिभेने त्यांनी शनिवारी एकीला पुसलं होतं आणि रविवारी दुसरीला.

"अनिताला कामावरून काढताहेत," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कोण अनिता?"

बाईंनी सांगितलं. चावी, झाडू, नळावरच्या बायका, सगळं सांगितलं. स्वतःचं वाक्यही गाळलं नाही. ऐकता ऐकता रोहिणीच्या हातातला ब्रश खाली आला.

"हे रविवारी रोह्यावरनं आले," ती हळू म्हणाली. "आले, जेवले, झोपले. मी वाट बघत व्हते, आता इचारतील, आता भांडतील. एक अक्षर नाय. म्हंजे त्यांनी बघताक्षणी ओळखलं, आणि त्या बाईवरचा आळ तसाच राहू दिला?"

बाईंनी मान डोलावली.

"माझं नाव खुशाल घ्या बैठकीत. पण माझं घेतलं की त्यांचं जातं. तीच तर गोम हाय."

"नाही घेणार," बाई बोलून गेल्या. "तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

परतीच्या गाडीत त्यांच्या ध्यानात आलं, की जीभ पुन्हा एकदा डोक्याच्या पुढे धावली होती.

६

सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवायचं आणि एकेक धागा सोडवत न्यायचा, हा प्रसंग लिहायला बाईंना सगळ्यांत जास्त आवडे. सोमवारी संध्याकाळी तो प्रत्यक्षात आला तेव्हा तो त्यांना नकोसा झाला.

समिती खुर्च्यांवर बसली होती. हर्षद झोपमोड करून आला होता. कडू पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. अनिता दाराशी उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती आणि तिने मागितली नव्हती.

बाईंनी सांगितलं. फडकं, वास, धुराची दिशा. मितेशनी स्वतःचे सुजलेले डोळे आठवून मान डोलावली.

"म्हणजे काम कुलूप लागायच्या आधी झालं," बाई म्हणाल्या. "काल मी म्हणाले होते, चावी एक म्हणून उत्तर एक. ते मूर्खपणाचं बोलणं होतं. अनिताचा याच्याशी संबंध नाही."

"ठीक. मग केलं कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

खुर्च्या करकरल्या. "हे कसं चालेल बाई?" मितेश म्हणाले. "नाव नाही म्हटल्यावर लोक म्हणणार, बाईंनी हिला वाचवायला गोष्ट रचली. गोष्टी रचणं हे तुमचं कामच. आम्हाला कोणावर तरी ठपका ठेवावाच लागेल."

बाई उभ्या होत्या. एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला दाराशी उभी असलेली अनिता. "ठपका माझ्यावर ठेवा," त्या म्हणाल्या. "ते डोळे माझ्या बोलण्यामुळे पुसले गेले." कोणालाच काही कळलं नाही. एकजण चुळबुळत म्हणाला, बाईंना पाणी द्या.

मग दारात हालचाल झाली. कडूंनी मागे वळून पाहिलं. अनिताच्या शेजारी रोहिणी येऊन उभी होती. पेणहून तशीच निघून आलेली, हाताला रंग, कनवटीला ब्रशांची गुंडाळी. ती नुसती नवऱ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघतात तशी.

कडू उठले.

"आखणी," ते म्हणाले आणि थांबले. तो शब्द बाईंनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "आखणी माझी नाही. कधीच नव्हती. हिची आहे. हिने स्वतःचीच पुसली. मी काल बघताच ओळखलं होतं. अनिता, तुलाही मी..."

रोहिणी पुढे आली. तिने मूर्ती टेबलावर चढवली, खुर्ची ओढली, बसली. खिडकीतला उजेड उतरला होता.

"उजेड धरा," ती म्हणाली.

कडूंनी मोबाइलचा दिवा लावून धरला. हात आखडलेला नव्हता. रोहिणीने श्वास रोखला. तिच्याबरोबर सगळ्या दालनाने रोखला. आधी एक डोळा आला, मग दुसरा, आणि गणपती पुन्हा सगळ्यांकडे बघायला लागला. तेव्हा तिथल्या बऱ्याच लोकांनी माना खाली घातल्या. मितेशनी जाऊन टेबलावरचं ते कार्ड उचललं आणि खिशात टाकलं.

"चला," ते घसा साफ करत म्हणाले. "जिची आखणी तिने पुसली. म्हणजे तसा गुन्हा काही झालाच नाही म्हणायचा."

"झाला ना," अनिता दारातून म्हणाली.

७

लोक पांगले. मितेशनी अनिताला चावी परत दिली, उद्यापासून नेहमीसारखी ये म्हणाले, आणि घाईघाईने स्कूटरला किक मारली. कडू आणि रोहिणी स्टँडकडे गेले. ती पुढे चालत होती, ते मागे.

बाई पायरीवर थांबल्या. माफीचं वाक्य त्यांनी पेणपासून जुळवत आणलं होतं. चांगलं वाक्य होतं. अनिताने दिवे मालवले, दार ओढलं, कुलूप लावलं, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत चावी त्यांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"आजची रात तुमच्याकडं ठेवा, बाई. सकाळी मी घ्यायला येते."

"अगं, माझ्याकडे कशाला?"

"एकच हाय ना," अनिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आत देव हाय, लोकांच्या वस्तू हायत. उद्या काय कमीजास्त झालं तर उत्तर एकच. एक रात कशी जाते ती बघा."

तिने पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि ती घराच्या वाटेला लागली.

चावी मुठीत धरून विमलबाई निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, थांबल्या, परत फिरल्या, आणि त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं. पुन्हा चार पावलं गेल्या. पुन्हा परत आल्या आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.